जन्मतःच बाळाचा एक हात हलत नाही? 'होईल हळूहळू' म्हणत किती थांबायचं?

जर्मनीचा शेवटचा सम्राट, कैसर दुसरा विल्हेल्म. टोकदार मिशांचा, छातीभर पदकं लावलेला. त्याचे फोटो सर्च करा आणि बाकी सगळं सोडून फक्त डावा हात बघा. कधी तो तलवारीच्या मुठीवर ठेवलेला असतो, कधी कोटाच्या खिशात असतो, कधी त्या हातात हातमोज्यांची जोडी असते. हात जरा लांब दिसावा म्हणून हातमोजे धरायची ही युक्ती होती, कारण कैसरचा डावा हात उजव्यापेक्षा साधारण १५ सेंटीमीटरने आखूड होता.

हे जन्माच्या वेळी झालं. २७ जानेवारी १८५९ ला बर्लिनमध्ये विल्हेल्म जन्मला तेव्हा तो पायाळू होता. आई होती राणी व्हिक्टोरियाची थोरली मुलगी, वय १८. बाळंतपण लांबलं, अवघड झालं. बाळ वाचलं, आई वाचली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाळाचा डावा हात नुसता लोंबतोय, हे लक्षात यायला काही दिवस गेले.

पुढं त्या पोरावर जे उपचार झाले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबदार शरीरात त्याचा हात गुंडाळून ठेवायचे, म्हणजे सशाची ताकद हातात उतरेल. विजेचे झटके दिले गेले. डावा हात वापरावाच लागावा म्हणून चांगला उजवा हात बांधून ठेवला गेला, आणि तेही तो चालायला शिकत होता त्याच दिवसांत. युरोपातले नामांकित डॉक्टर हाताशी होते, पैशाला तोटा नव्हता, तरी हात सुधारला नाही. (या हातामुळंच तो आक्रमक झाला आणि त्यातून महायुद्ध पेटलं, असं लिहिणारेही आहेत. एका हातावर एवढं ओझं टाकणं जरा जास्तच होतं.)

विल्हेल्मला जे झालं होतं त्याला आज 'ब्रेकियल प्लेक्सस बर्थ इंजुरी' म्हणतात. काही डॉक्टर फाईलवर 'ओबीपीपी' लिहितात, काही 'एर्ब्स पाल्सी' म्हणतात. जगभरात साधारण हजार जन्मांमागं एक ते दोन बाळांना ही इजा होते. आणि दीडशे वर्षांत फरक एवढा पडलाय की आज या बाळांसाठी खरोखर काहीतरी करता येतं. फक्त त्याला वेळेची मर्यादा आहे.

नेमकं तुटतं काय?

मराठीत 'नस' हा शब्द फार घोळ घालतो. सलाईन लावायला शोधतात तीही नस आणि कंबरेत दबते तीही नस. त्यामुळं डॉक्टर 'नसेला मार लागलाय' म्हणाले की घरच्यांना वाटतं रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे, चोळलं की सुटेल. इथं विषय रक्ताच्या नसेचा नाही, मज्जातंतूंचा आहे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या वायरींचा म्हणा.

मानेच्या मणक्यांमधून दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठ्या नसा बाहेर पडतात. डॉक्टर त्यांना सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१ म्हणतात. गळपट्टीच्या हाडामागून जाताना त्या एकमेकींत मिसळतात, परत फुटतात, परत मिसळतात आणि मग हातात उतरतात. हे जे जाळं आहे तो ब्रेकियल प्लेक्सस. खांदा उचलणं, कोपर वाकवणं, मनगट वर करणं, बोटांनी धरणं, हाताला गरम-गार कळणं, सगळं या पाच नसांच्या भरवशावर चालतं. ढोबळ वाटणी अशी की वरच्या नसा खांदा आणि कोपर सांभाळतात, खालच्या नसा पंजा आणि बोटं.

बाळ जन्मताना डोकं बाहेर आलं, पण खांदा आईच्या ओटीपोटाच्या हाडामागं अडकला, तर मान आणि खांदा यांच्यामधलं अंतर ताणलं जातं. त्यासोबत हे जाळंही ताणलं जातं. किती ताण बसला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

घरातल्या इलेक्ट्रिकच्या वायरीचं उदाहरण घेऊ. वायर नुसती ताणली गेली, आत काही तुटलं नाही, तर थोड्या दिवसांत करंट परत सुरू होतो. बहुतेक बाळांचं हेच होतं आणि ती काही आठवड्यांत बरी होतात. दुसरा प्रकार म्हणजे वरचं कव्हर शाबूत पण आतली तार तुटलेली. इथं नस त्याच कव्हरमधून परत वाढत येते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे महिन्याला एक इंच. मानेपासून दंडापर्यंत यायलाच तिला काही महिने लागतात. तिसऱ्या प्रकारात अख्खी वायरच तुटते, टोकं लांब जातात आणि मधे गाठ तयार होते. चौथा प्रकार सगळ्यात वाईट. वायर मधे तुटत नाही, बोर्डातून प्लगच उपटून येतो. नस मज्जारज्जूपासूनच सुटलेली असते आणि ती परत तिथं बसवता येत नाही.

एकाच बाळाच्या पाच नसांमध्ये हे चारही प्रकार असू शकतात. म्हणून शेजारच्या घरातलं बाळ दोन महिन्यांत बरं झालं, यावरून आपल्या बाळाबद्दल काहीच सांगता येत नाही.

मग चूक कुणाची?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. वडिलांना वाटतं डॉक्टरनं ओढलं. डॉक्टर म्हणतात बाळ अडकलं होतं. सासूला वाटतं सुनेनं नीट जोर लावला नाही. आणि आई कुणालाच काही न बोलता स्वतःला दोष देत बसते.

माहीत असलेल्या गोष्टी अशा. बाळाचं वजन जास्त असणं, आईला मधुमेह असणं, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागणं, बाळ पायाळू असणं, आधीच्या बाळंतपणात खांदा अडकलेला असणं, यांनी धोका वाढतो. पण यातलं एकही कारण नसलेल्या कितीतरी बाळंतपणांत ही इजा होते. खांदा अडकणार हे आधी सांगता येत नाही. एकदा अडकला की डॉक्टरांकडं मोजकी मिनिटं असतात, कारण बाळाला प्राणवायू कमी पडत असतो. आईच्या मांड्या पोटाकडं दुमडणं, ओटीपोटावरून खांद्याला दाब देणं, अशा ठरलेल्या युक्त्या असतात. त्या सराव केलेल्या टीमनं शांतपणे केल्या तर इजा टळण्याची शक्यता वाढते, हेही खरं. म्हणून प्रशिक्षण महत्त्वाचं आहे. पण सगळं नियमानुसार होऊनही हात जाऊ शकतो.

सिझेरियन केलं असतं तर? धोका खूप कमी झाला असता, शून्य नाही. सिझेरियननं जन्मलेल्या बाळांमध्येही ही इजा क्वचित दिसते. आणि एक इजा टाळण्यासाठी सरसकट सिझेरियन करायचं तर शेकडो बायकांची विनाकारण ऑपरेशनं करावी लागतील. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांची संघटना सोनोग्राफीत बाळाचं वजन ५ किलोच्या वर आणि आईला मधुमेह असेल तर साडेचार किलोच्या वर दिसलं, तरच या कारणासाठी सिझेरियनचा विचार करा म्हणते. आपल्याकडं इतकी मोठी बाळं फारशी जन्मत नाहीत. पण गरोदरपणातला मधुमेह वाढतोय, आणि साखरेची तपासणी टाळली तर हा धोका लपून राहतो.

आईच्या जोर लावण्याचा किंवा न लावण्याचा यात दोष नाही. हे सासूला सांगायला घरातलं कुणीतरी पाहिजे.

ओळखायचं कसं?

बाळ एका हातानं चळवळ करतं आणि दुसरा हात अंगाला चिकटून पडलेला. कोपर सरळ, तळवा मागं वळलेला, मनगट वाकलेलं. डॉक्टर याला 'वेटर्स टिप' म्हणतात, म्हणजे वेटर हळूच मागं हात करून टिप घेतो तसा हात. बाळ दचकतं तेव्हा दोन्ही हात फेकतं, इथं एकच हात उडतो. हा वरच्या नसांचा, सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. फ्रान्सच्या ड्युशेननं १८७२ साली आणि जर्मनीच्या एर्बनं १८७४ साली तो नीट मांडला. फक्त पंजा गेलेला आणि खांदा शाबूत, असा खालच्या नसांचा प्रकार फार दुर्मीळ. त्याला 'क्लुम्पके' हे नाव आहे, आणि ते एका बाईचं आहे. ऑगस्टा क्लुम्पके, अमेरिकेत जन्मलेली, पॅरिसमध्ये शिकलेली. १८८५ साली तिनं हे वर्णन छापलं तेव्हा ती अजून शिकतच होती.

अख्खा हातच निर्जीव असेल तर प्रकरण गंभीर असतं. त्यात त्याच बाजूची पापणी खाली आलेली आणि डोळ्याची बाहुली बारीक दिसली तर आणखी गंभीर, कारण त्याचा अर्थ बऱ्याचदा 'प्लग उपटलाय' असा असतो. श्वास घेताना बाळ दमतंय असं वाटलं तर लगेच सांगा. छाती आणि पोटामधल्या पडद्याची नसही याच भागातून जाते.

पण हात न हलण्याचं कारण दर वेळी नसच असेल असं नाही. गळपट्टीचं किंवा दंडाचं हाड मोडलं तरी बाळ दुखतं म्हणून हात हलवत नाही. म्हणून आधी एक्स-रे काढतात. कधी दोन्ही एकत्र असतात.

आणि हा पोलिओ नाही. नावात 'पाल्सी' असली तरी सेरेब्रल पाल्सीही नाही. तिथं मेंदूला इजा असते, इथं मेंदूचा काही संबंध नाही. बाळाचं बोलणं, समजणं, अभ्यास, कशावरही या इजेनं परिणाम होत नाही.

मालीशवाल्या मावशींना काय सांगायचं?

आपल्याकडं हा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसतो, पण दुसऱ्याच दिवशी घरात उभा राहतो. बाळंतिणीची आणि बाळाची मालीश करायला मावशी येतात. तेल लावून बाळाचे दोन्ही हात ताणून छातीवर एकमेकांवर आडवे नेतात, काही जणी हाताला धरून बाळाला हलकंसं उचलतातही. निरोगी बाळाचंही असं करू नये, या बाळाचं तर मुळीच नाही. ताणलेल्या नसेला परत ताण द्यायचा नाही. 'हात उतरलाय, बसवून देतो' म्हणणाऱ्याकडं तर अजिबात न्यायचं नाही. हात उतरलेला नसतो.

पहिला आठवडा-दोन आठवडे डॉक्टर बऱ्याचदा हाताला आराम द्यायला सांगतात, हाड मोडलेलं असेल तर नक्कीच. या दिवसांत हात लोंबू द्यायचा नाही, दुपट्यात अंगाजवळ आधार देऊन ठेवायचा. उचलताना काखेत हात घालून उचलायचं नाही, मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घालायचा. झबलं घालताना दुखरा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. एवढं पाळलं तरी बाळ निम्मं कमी रडतं.

मग व्यायाम सुरू होतात. फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि घरचे करतात, कारण आठवड्यातून दोनदा क्लिनिकला जाऊन हे भागणारं नाही. दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, हळू. लंगोट बदलताना दर वेळी करायचे असं ठरवलं की विसरत नाही. खांदा, कोपर, मनगट, बोटं, प्रत्येक सांधा पूर्ण फिरवायचा. त्यातला एक व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा: कोपर कमरेला लावून काटकोनात वाकवायचं आणि हात बाहेरच्या बाजूला उघडायचा, दार उघडल्यासारखा. याचं कारण पुढं येईलच.

या व्यायामानं तुटलेली नस जोडली जात नाही. नस वाढत येईपर्यंत सांधे आखडू नयेत, एवढंच त्याचं काम. पण ते काम फार मोठं आहे. नस परत आली आणि सांधा गंजलेला असेल तर उपयोग काय?

तीन महिने, आणि माहेरचं बाळंतपण

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक बाळं आपोआप बरी होतात, हे खरं आहे. बाळाचा हात पहिल्या महिना-दोन महिन्यांत चांगला हलायला लागला तर तो जवळपास पूर्ण बरा होतो. पण साधारण चार-पाच बाळांमागं एकाच्या हातात कायमचं काही ना काही कमी राहतं. 'होईल हळूहळू' हे वाक्य बहुतेकांच्या बाबतीत बरोबर ठरतं आणि नेमकं याच कारणानं उरलेल्यांचं नुकसान करतं.

नस न मिळालेला स्नायू वाट बघत बसत नाही. तो सुकत जातो. वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तिला घ्यायला स्नायू तयार नसतो. नस वाढते दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे ऑपरेशन करायचंच असेल तर तो प्रवासाचा वेळ धरून आधीच करावं लागतं. त्यामुळं नसांचं ऑपरेशन सहसा ३ ते ९ महिन्यांच्या दरम्यान होतं.

फ्रान्सचे सर्जन अलँ जिल्बेर यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एक साधा निकष रूढ केला. तीन महिन्यांचं झालं तरी बाळ कोपर वाकवत नसेल, म्हणजे दंडाची बेडकी काम करत नसेल, तर ऑपरेशनचा विचार करायचा. कॅनडात टोरंटोच्या डॉक्टरांनी अनेक हालचालींना गुण देऊन ठरवायची पद्धत काढली. त्यात नऊ महिन्यांच्या बाळाची एक गोड परीक्षा आहे: बाळाच्या हातात बिस्किट द्यायचं, कोपर अंगाजवळ धरून ठेवायचं आणि बिस्किट तोंडापर्यंत जातं का बघायचं. मान फार न वाकवता गेलं तर पास. निकष कुठला वापरायचा यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. अख्खा हात निर्जीव असेल तर तीन महिन्यांच्या आसपासच ऑपरेशन करावं, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे.

आणि तज्ज्ञाकडं कधी जायचं? कॅनडातल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, एका महिन्यात हात पूर्ण बरा झाला नाही तर पाठवा. आपल्या भाषेत सांगायचं तर बारशापर्यंत थांबलात तर चालेल, सव्वा महिना झाला की निघा. उष्टावणापर्यंत थांबणं म्हणजे उशीर.

इथंच आपली एक पद्धत आडवी येते. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतीण तीन महिने, कधी जास्त, आईकडं. बाळाला बाहेर काढायचं नाही, प्रवास नको, वारा नको. 'सासरी गेल्यावर मोठ्या डॉक्टरांना दाखवू' असं ठरतं, आणि हे तीन महिने म्हणजे नेमके तेच तीन महिने. कुणाची चूक नसते, सगळे काळजीपोटीच बोलत असतात. पण कॅलेंडर पुढं सरकत राहतं. प्रवास नकोच असेल तर निदान दर आठवड्याला बाळाचा एक व्हिडिओ काढून ठेवा. उघड्या अंगानं झोपलेलं असताना, खेळणं दाखवत, दोन्ही हात दिसतील असा. डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत याचीच होते. कारण एमआरआय, ईएमजी अशा तपासण्या असल्या तरी इतक्या लहान बाळांत त्यांचे निष्कर्ष कधी कधी फसवे असतात. ईएमजी तर बऱ्याचदा परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दाखवते. खरा निर्णय होतो तो पुन्हा पुन्हा बघून.

दाखवायचं कुणाला, हाही प्रश्न असतो. नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडून सुरुवात करा, पण पुढं ब्रेकियल प्लेक्ससचं काम करणारे प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे सर्जन लागतात. मुंबई-पुण्यात असे डॉक्टर आहेत. 'न्यूरो'चा बोर्ड आहे म्हणून तिथं हे काम होतंच असं नाही, आधी विचारून घ्या.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

या नसा शिवायचा पहिला मोठा प्रयत्न ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडींनी १९०३ साली छापून आणला होता. पण तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हते, निकाल वाईट आले आणि हा नाद बरीच दशकं सुटला. १९७० नंतर मायक्रोसर्जरी आल्यावर तो परत सुरू झाला.

तुटलेल्या नसेतली गाठ काढून टाकतात आणि मधली जागा भरायला पोटरीतली एक नस काढून आणतात. पायाची ती नस फक्त पावलाच्या बाहेरच्या कडेला स्पर्श कळवते. ती गेल्यानं तिथं थोडं बधिर होतं, चालण्यावर परिणाम होत नाही. प्लग उपटलेला असेल तर ही युक्ती चालत नाही. मग शेजारच्या घरातून वायर ओढल्यासारखं करतात: मान आणि खांद्याच्या दुसऱ्या चालू नसेचा एक फाटा खांद्याच्या नसेला जोडायचा, पंजाच्या नसेतले काही धागे बेडकीच्या नसेला जोडायचे, बरगड्यांमधल्या नसा वापरायच्या. देणाऱ्या नसेचं काम फारसं बिघडत नाही, कारण एका नसेत बरेच जादा धागे असतात.

ऑपरेशननंतर साधारण तीन आठवडे हात आणि मान बांधून ठेवतात. आणि मग काहीच होत नाही. आई-बाप रोज बघतात, हात तसाच. पहिली हालचाल दिसायला चार-सहा महिने, कधी जास्त लागतात, आणि सुधारणा दोन-तीन वर्षं चालू राहते. याची तयारी आधीच नसेल तर लोक तिसऱ्या महिन्यात 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणून फिजिओ सोडून देतात. ऑपरेशननं हात दुसऱ्या हातासारखा होत नाही, हेही आधीच समजून घेतलेलं बरं. लोंबणारा हात मदतीला येणारा हात होतो.

खांद्याकडं दुर्लक्ष होतं

बाळ कोपर वाकवायला लागलं की सगळे खूश होतात आणि तपासण्या बंद. खांदा आत आत बिघडत असतो. हात आत वळवणारे स्नायू शाबूत आणि बाहेर वळवणारे कमजोर, अशी ती रस्सीखेच असते. एक बाजू जिंकत राहते आणि दंडाच्या हाडाचा गोळा हळूहळू मागं सरकतो. लहान बाळांची हाडं मऊ असल्यानं खोबणीचा आकारही बदलतो, पहिल्या वर्षभरातसुद्धा. 'दार उघडायचा' व्यायाम म्हणूनच महत्त्वाचा. तो करताना हात पूर्वीपेक्षा कमी उघडायला लागला, अडकल्यासारखं वाटलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. बाळाच्या खांद्याची सोनोग्राफी करता येते.

वेळेत कळलं तर आखडलेल्या स्नायूंना बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन काही आठवडे प्लॅस्टर घालतात. पुढं, मूल थोडं मोठं झाल्यावर, पाठीचा एक स्नायू सोडवून खांद्याच्या मागं बसवतात, म्हणजे हात आत ओढणारा स्नायू बाहेर ओढायला लागतो. सांधा फारच बिघडला असेल तर दंडाचं हाड कापून फिरवून परत जोडतात. त्यानं ताकद वाढत नाही, पण हात तोंडाकडं, डोक्याकडं सोयीच्या दिशेनं जातो.

हात घेऊन मोठं होताना

मूल काय करू शकत नाही, हे अगदी घरगुती गोष्टींत कळतं. तळवा वर होत नाही, म्हणून देवळात तीर्थ घेता येत नाही, सुटे पैसे ओंजळीत राहत नाहीत. घास तोंडाकडं नेताना कोपर तुतारीसारखं वर जातं. वेणी घालायला हात डोक्यामागं पोचत नाही. पाठीची चेन, शर्टाच्या बाहीचं बटण, पोळी लाटणं, दप्तराचा पट्टा खांद्यावर चढवणं, सगळ्याला वेगळी रीत शोधावी लागते. आणि मुलं ती शोधतात.

उजव्या हाताला इजा असलेली बरीच मुलं सहज डावखुरी होतात. तिथं 'उजव्या हातानं जेव', 'प्रसाद डाव्या हातात घेऊ नकोस' हे सुरू झालं की मूल पंगतीला बसायचं टाळतं. भटजींना आणि आजीला हे एकदाच समजावून सांगितलेलं बरं.

याच्या उलट दुसरी अडचण. मूल चांगल्या हातानंच सगळं उरकतं आणि दुखऱ्या हाताला विसरूनच जातं. नस आलेली असते, स्नायू चालतो, पण मेंदूच्या हिशेबात तो हात नसतोच. म्हणून दोन्ही हात लागतील असे खेळ द्यायचे: मोठा चेंडू, कणकेचा गोळा, तबला, तीनचाकी, आणि पाण्याची भीती नसेल तर पोहणं. फिजिओथेरपिस्ट कधी कधी चांगला हात थोडा वेळ मोज्यात गुंतवून खेळवतात. विल्हेल्मचा हात बांधला होता त्याचंच हे शहाणं रूप: थोडा वेळ, खेळताना, मूल पडणार नाही अशा जागी.

संपूर्ण हाताची इजा असेल तर बोटांना गरम-गार नीट कळत नाही. चहाचा कप, इस्त्री, बंबाचं पाणी यांची काळजी घ्यावी लागते. काही लहान मुलं बधिर बोटं चावतात. ते वेडेपणाचं लक्षण नाही, पण जखम होते, डॉक्टरांना सांगा. हात थोडा आखूड आणि बारीक राहतो, याचं दुःख मुलांना सहसा दहा-बारा वर्षांपासून सुरू होतं, शाळेत कुणी नक्कल केली की. तोपर्यंत त्यांना त्यांच्या हाताची गोष्ट सरळ शब्दांत माहीत असली पाहिजे. 'जन्मताना माझ्या हाताच्या नसांना मार लागला' एवढं वाक्य पुरतं. लांब बाह्यांचे शर्ट घालून लपवत राहिलं तर मूल शिकतं की यात लपवण्यासारखं काहीतरी आहे.

दाखवायला उदाहरणं आहेत. 'द वेस्ट विंग' या गाजलेल्या अमेरिकन मालिकेत राष्ट्राध्यक्ष झालेले मार्टिन शीन कोट घालताना तो डोक्यावरून मागं उडवतात. चाहत्यांना ती स्टाईल वाटायची. त्यांच्या डाव्या हाताला जन्माच्या वेळी इजा झाली होती, कोट घालायची ती त्यांची रीत आहे. एड्रियन क्लेबॉर्न उजव्या हाताची एर्ब्स पाल्सी घेऊन अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत खेळला, तेही धक्काबुक्कीच्या जागेवर. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये डॅलसविरुद्धच्या एकाच सामन्यात त्यानं समोरच्या क्वार्टरबॅकला सहा वेळा आडवं केलं.

कागदपत्रं, आणि पुढचं बाळंतपण

सरकारी पातळीवर 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ पासून आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, फिजिओथेरपीची सोय असते. आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला विचारलं की पत्ता मिळतो. हाताची कमजोरी कायमची राहिली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. लिहायचा हात गेला असेल तर परीक्षेतल्या जादा वेळेसाठी हे कागद दहावीच्या वर्षात धावपळ करत काढण्यापेक्षा आधीच काढलेले बरे.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. खांदा अडकला होता का, बाळाचं वजन किती होतं, चिमटा लावला होता का, आईची साखर किती होती, हे नव्या डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत कळलं पाहिजे. एकदा खांदा अडकला असेल तर परत अडकायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मग प्रसूती कुठं करायची, कशी करायची, हे कळा सुरू झाल्यावर नाही, नवव्या महिन्याच्या आधी ठरवता येतं. कार्डावर यातलं काही लिहिलेलं नसेल तर दवाखान्यातून केस पेपरची प्रत मागून घ्या. ती मागायचा रुग्णाला हक्क आहे.